जुन्या ऑटोमॅटिकचा शिफ्ट सोलेनॉइड घरी बदलताय? आधी गरम गाडीवर मीटर लावा

तुम्ही लिहिलंय ते असं की बावीस वर्षं जुनी चार गिअरची ऑटोमॅटिक आहे, सकाळी थंड असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात, अर्धा-पाऊण तास चालवली की चेक लाईट लागते, गाडी वरच्याच एका गिअरमध्ये अडकून बसते आणि थांबलेल्या जागेवरून उचलताना अंगात जीव नसल्यासारखी हलते, मग तासभर बंद ठेवली की परत ठणठणीत. स्कॅनरवर पी०७५८ हा दोषाचा कोड आला, गॅरेजमध्ये अख्खा गिअरबॉक्स बदला म्हणाले. तुम्हाला विचारायचंय की सोलेनॉइड, म्हणजे गिअर बदलणारा करंटवरचा छोटा व्हॉल्व्ह, घरी बदलता येईल का, एकच बदलू की सगळे, आणि त्याआधी ऑइलमध्ये टाकायचं क्लीनर टाकून बघू का.

घरी बदलता येतो. मी बरीच वर्षं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम करतोय आणि तुम्ही सांगताय त्या लक्षणांवरून तरी गिअरबॉक्स काढायची वेळ आलीये असं मला अजिबात वाटत नाही. पण एक गोष्ट कळकळीने सांगतो, चेंबर (गिअरबॉक्सच्या खालचं ऑइलचं पातेलं) खोलायच्या आधी सोलेनॉइडच गेलाय हे मल्टिमीटरवर सिद्ध करा, आणि तेही गाडी गरम असताना. घरी बदललेले कितीतरी सोलेनॉइड मी नंतर टेबलावर तपासलेत आणि ते चांगले निघालेत, बिचारा सोलेनॉइड उगाच बळी गेला आणि दोष वायरीत तसाच राहिला.

आधी कोडचं बघू कारण तिथेच अर्धं उत्तर आहे. पी०७५८ म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड बी, इलेक्ट्रिकल. कॉम्प्युटरला त्या सर्किटमध्ये करंट जसा जायला पाहिजे तसा जाताना दिसत नाहीये एवढंच तो सांगतोय, म्हणजे वायर तुटलीय, शॉर्ट झालीय किंवा कॉइल गेलीय. पी०७५६ किंवा पी०७५७ असते तर गोष्ट वेगळी, ते सोलेनॉइड बंद स्थितीत किंवा चालू स्थितीत अडकल्याचे कोड, आणि तिथे दोष सोलेनॉइडमध्ये असेल किंवा व्हॉल्व्ह बॉडीतला (गिअरबॉक्सच्या आतला ऑइलच्या वाटांचा ठोकळा) व्हॉल्व्ह कचऱ्याने चिकटला असेल किंवा त्याचं भोक झिजलं असेल, सोलेनॉइड बदलून फरक पडेलच असं नाही. तुमचा कोड इलेक्ट्रिकल आहे त्यामुळे क्लीनरचं उत्तरही इथेच मिळालं, तुटलेली तार कुठल्याही औषधाने जोडली जात नाही, ते टाकू नका.

(हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची गाडी याहून जुनी असेल आणि स्कॅनरचं सॉकेटच नसेल तरी कोड निघतो. जुन्या टोयोटामध्ये डायग्नोसिस कनेक्टरच्या टीई१ आणि ई१ या पिना जोडल्या की ओव्हरड्राइव्हचा दिवा ठराविक वेळा लुकलुकतो, ६२ म्हणजे पहिला शिफ्ट सोलेनॉइड, ६३ म्हणजे दुसरा, ६४ म्हणजे लॉकअपचा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला ऑइलमधून जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर थेट जोडून टाकणारा.)

आता सोलेनॉइड म्हणजे काय ते डोळ्यासमोर आणा. अंगठ्याएवढी डबी, आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची कॉइल, मधे एक लोखंडी दांडी आणि टोकाला छोटं तोंड ज्यातून ऑइलचं प्रेशर सुटतं किंवा अडतं. करंट दिला की दांडी टक करून ओढली जाते, सोडला की स्प्रिंगने परत. ही कॉइल वर्षानुवर्षं ८०-९० डिग्रीच्या ऑइलमध्ये उकडत असते, तार किंवा तिचा सोल्डर जॉइंट कुठेतरी केसाएवढा तुटतो, थंड असताना टोकं एकमेकांना टेकलेली असतात म्हणून सगळं ठीक चालतं, गरम झालं की प्रसरण पावून टोकं सुटतात आणि सर्किट उघडतं. तुमचं सकाळचं सुख आणि पाऊण तासाने येणारी पीडा याच्याशी तंतोतंत जुळते. पण लक्षात घ्या, कनेक्टरमधली सैल पिनसुद्धा हुबेहूब असंच वागते.

म्हणून मोजायचं असं. गिअरबॉक्सच्या अंगावर जिथे वायरिंगचा मोठा कनेक्टर बसतो तो शोधा, कुठली पिन बी सोलेनॉइडची ते तुमच्या मॉडेलच्या वायरिंग डायग्राममधून बघा, अंदाजाने पिना टोचू नका. गाडी थंड असताना कनेक्टर काढून गिअरबॉक्सच्या बाजूची पिन आणि बॉडी अर्थ यात ओहम मोजा (काही गाड्यांत सोलेनॉइडला अर्थ बॉडीतून मिळतो, काहींत दोन्ही वायरी कनेक्टरवर येतात, तेही डायग्राममध्ये दिसेल). साधा चालू-बंद प्रकारचा शिफ्ट सोलेनॉइड बहुतेक १० ते ३० ओहममध्ये असतो, जुन्या टोयोटात साधारण ११ ते १५. प्रेशर कंट्रोलचा लीनिअर सोलेनॉइड (नुसता चालू-बंद न होता करंटप्रमाणे कमी-जास्त उघडणारा) त्यापेक्षा बराच कमी, ४-५ ओहम, त्यामुळे तिथे ५ दिसले म्हणून शॉर्ट झाला असं समजू नका. नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमधलाच धरा. शेजारचा ए सोलेनॉइडही मोजून ठेवा, दोन्ही एकाच प्रकारचे असतील तर आकडे जवळपास सारखे यायला हवेत.

मग गाडी चालवा, तो दोष येऊ द्या, आणि लाईट लागल्या लागल्या सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करून लगेच परत मोजा, हातमोजे घालून, सायलेन्सरचा पाइप जवळच असतो आणि तो भयंकर तापलेला असतो. इथे एक बारकावा आहे ज्यात लोक फसतात. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतोच, दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के. म्हणजे २० डिग्रीला १३ ओहम असलेली चांगली कॉइल १०० डिग्रीला १७ दाखवणार आणि ते अगदी बरोबर आहे, तो दोष नाही. दोष म्हणजे मीटर अनंत दाखवतोय, किंवा आकडा एका जागी न थांबता १७ वरून ४० वर, ४० वरून १०० वर उड्या मारतोय. असं दिसलं तर कॉइल किंवा आतली वायर गेली. आणि गरम असताना १७ वर आकडा शांत बसला असेल तर सोलेनॉइड सोडा, कनेक्टरकडे आणि बाहेरच्या वायरिंगकडे वळा.

हे मी इतकं ताणून सांगतोय त्याला कारण आहे. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती, हाच कोड, हीच गरम झाल्यावरची तक्रार. मी थंड गाडीवर एकदा मोजलं, आकडा किंचित जास्त वाटला, चेंबर खोललं, नवा सोलेनॉइड बसवला, दोन दिवसांनी गाडी परत दारात. मग कनेक्टर नीट उजेडात धरून बघितला तर मादी बाजूच्या एका पिनेचं तोंड उघडं पडलेलं, आत हिरवट बुरशीसारखी कॉपरची पूड. तसलीच एक सुटी नर पिन घेऊन एकेका भोकात घालून बघितली, बाकीच्या भोकांत घट्ट धरत होती, बाहेर ओढताना बोटाला जाणवत होतं, आणि या एकात पिन घातली आणि कनेक्टर उलटा केला तर पिन आपोआप खाली पडली. पिन बदलली, गाडी आजही चालतेय. तेव्हापासून कुठलाही इलेक्ट्रिकल कोड असला की मी आधी हीच पिन घालून बघतो, दोन मिनिटं लागतात. कनेक्टरमध्ये लाल ऑइल दिसलं तर तेही बघा, सील गेलं की ऑइल वायरीच्या तारांमधून वर चढत पार कॉम्प्युटरपर्यंत जाऊ शकतं. आणि गिअरबॉक्सपासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर हलवून हलवून कंटिन्युइटी (करंटची वाट कुठे तुटत नाही ना) बघा, खास करून जिथे ती इंजिनच्या हलणाऱ्या भागाजवळून वळते तिथे.

गिअरबॉक्स आतून धड आहे का याचीही एक सोपी परीक्षा आहे जी मला फार आवडते. दोन शिफ्ट सोलेनॉइडवाल्या टोयोटाच्या जुन्या चार गिअरच्या बॉक्सांत सोलेनॉइडचा कनेक्टर काढून ठेवला की कॉम्प्युटरचा हात सुटतो आणि लीव्हर सांगेल तो गिअर निव्वळ ऑइलच्या प्रेशरवर लागतो, एलवर पहिला, २ वर तिसरा, डीवर चौथा. इतर बऱ्याच कंपन्यांच्या बॉक्सातही असलीच सोय असते, फक्त कुठे कुठला गिअर ते मॅन्युअलमध्ये बघावं लागतं. मोकळ्या रस्त्यावर हळू हळू एल, २, डी करत बघा. प्रत्येक जागी गिअर घट्ट धरला, इंजिन नुसतं ओरडत बसलं नाही, तर क्लच आणि पंप शाबूत आहेत, आणि गिअरबॉक्स बदलायच्या सल्ल्याला तुमच्याकडे उत्तर आहे. कनेक्टर काढल्यामुळे आणखी कोड येतील, ते नंतर पुसून टाका.

आता समजा आकडा उड्या मारतोय, सोलेनॉइडच गेलाय. काही जुन्या गाड्यांत, होंडामध्ये वगैरे, शिफ्ट सोलेनॉइड गिअरबॉक्सच्या बाहेरूनच तीन बोल्टवर बसवलेले असतात, मागे जाळीवालं छोटं पॅकिंग, ते तासाभराचं काम आहे. तुमच्यात चेंबरच्या आत व्हॉल्व्ह बॉडीवर असतील असं धरून पुढचं सांगतो.

गाडी सपाट पक्क्या जमिनीवर, मागे-पुढे चाकांना ठोकळे, जॅकने उचलली की लगेच चारही बाजूंना स्टँड, आणि स्टँडवर टेकल्यावर गाडी हाताने जोरात हलवून बघा आणि मगच खाली शिरा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही, पाच मिनिटांसाठीसुद्धा, जाऊ नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा. ऑइल कोमट असू द्या, उकळतं नको, ९० डिग्रीचं ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं की काय होतं ते मी बघितलंय.

ड्रेन प्लग असेल तर उत्तम. नसेल तर चेंबरचे बोल्ट एका कोपऱ्याकडे सैल करत जा म्हणजे चेंबर तिरकं होऊन तिकडूनच धार लागेल, सगळे बोल्ट एकदम काढले तर ऑइल छातीवर येणार. पडलेलं ऑइल टाकून देऊ नका, मोजा. ते साधारण ३ ते ५ लिटर भरेल, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या पाइपांत राहतं, आणि परत भरताना हाच आकडा तुमच्या कामाला येतो.

चेंबर खाली आलं की थांबून त्याच्यात बघा. लोहचुंबकाच्या चकत्यांवर राखाडी, मऊ, बोटाने पसरली की लोण्यासारखी लागणारी लगदी असेल तर ती नेहमीची झीज आहे, इतक्या वर्षांत ती असणारच. चकाकणारे कण, चिमटीत टोचणारे तुकडे, पितळी पूड किंवा क्लचच्या अस्तराचा काळा भुगा मुठीने दिसला आणि ऑइलला करपल्याचा वास असला तर मात्र नवा सोलेनॉइड बसवून काही हाती लागणार नाही, तिथे गॅरेजवाल्यांचा गिअरबॉक्स बदलायचा सल्ला बरोबर ठरेल.

फिल्टर काढताना त्याच्या नळीवरची ओ-रिंग (रबराची सीलची कडी) बाहेर आली का बघा. ती बऱ्याचदा वर भोकातच चिकटून राहते, माणूस नव्या ओ-रिंगसकट नवा फिल्टर तिच्यावर दाबतो, फिल्टर नीट बसत नाही, पंप ऑइलबरोबर हवा ओढतो आणि गाडी दोन दिवसांत आधीपेक्षा वाईट होते. सोलेनॉइडच्या भोकातही हीच भानगड.

सोलेनॉइडकडे हात घालायच्या आधी मोबाइलवर भरपूर फोटो काढा, कुठली वायर कुठल्या सोलेनॉइडवर, कुठल्या रंगाची. पुठ्ठ्याचा एक तुकडा घ्या, त्याच्यावर चित्र काढून भोकं पाडा आणि काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागच्या भोकात खोचा, कारण हे बोल्ट दिसायला सारखे असले तरी लांबी वेगळी असते आणि लांब बोल्ट आखूड जागी गेला तर अल्युमिनियम फोडून आत शिरतो. आत वायरींचे प्लास्टिकचे क्लिप बावीस वर्षं ऑइलमध्ये शिजून बिस्किटासारखे झालेले असतात, वायर धरून ओढू नका, क्लिपची जीभ बारीक स्क्रू ड्रायव्हरने उचलून प्लगच्या अंगाला धरून सरळ काढा. घाई केली की जीभ तुटते आणि मग आतली अख्खी वायरिंग शोधत फिरावं लागतं.

व्हॉल्व्ह बॉडीचे बाकीचे बोल्ट सैल करू नका. आत छोट्या गोळ्या आणि स्प्रिंगा असतात, त्या खाली सांडल्या तर कुठली कुठे होती हे कळायला मार्ग नाही. फक्त सोलेनॉइडचा एक बोल्ट किंवा पट्टी काढायची आणि सोलेनॉइड डावीकडे-उजवीकडे फिरवत फिरवत बाहेर घ्यायचा, सरळ उपटायचा नाही. निघाल्यावर ओ-रिंग मोजा, दोन होत्या तर दोन्ही हातात आल्या पाहिजेत.

जुना सोलेनॉइड टेबलावर ठेवून मीटर लावा आणि हेअर ड्रायरने गरम करा. ज्याचा आकडा गाडीत उड्या मारत होता तो इथेही मारायला हवा. नाही मारला तर दोष आतल्या वायरीत आहे, चेंबर उघडंच आहे तर आत्ताच बघून घ्या. नव्यालाही बसवायच्या आधी तपासा. चालू-बंद प्रकारच्याला १२ व्होल्ट दिले की स्वच्छ टक असा आवाज येतो, पण लीनिअर सोलेनॉइडला थेट बॅटरी लावू नका, ५ ओहममधून जवळजवळ अडीच अँपिअर जातो आणि कॉइल जळते, तिथे मधे ८ ते १० वॉटचा बल्ब जोडून मगच लावा. काही सोलेनॉइडमध्ये डायोड असतो, त्यांना प्लस-मायनस उलटं चालत नाही.

एक की सगळे, तर माझं मत असं. ए आणि बी एकाच वयाचे, एकाच ऑइलमध्ये शिजलेले, दोन्ही हाताशी असतील तर जोडीने बदला, परत चेंबर खोलायचं वाचतं. लॉकअपचा आणि प्रेशरचा मीटरवर बरोबर असेल आणि त्याचा कोड नसेल तर त्याला हात लावू नका. जुन्या गाडीतून काढलेला वापरलेला सोलेनॉइड तर मुळीच नको, तोही तितकाच शिजलेला असतो.

बसवताना ओ-रिंगला गाडीचंच ऑइल चोपडा, सिलिकॉन कुठेही नको, त्याचा एक कण सुटला तरी बारीक वाटेत जाऊन बसतो. पुसायला धागे सुटणारं फडकं नको, न सुटणारा कागद वापरा. भोक बोटाने चाचपून जुनी ओ-रिंग नाही ना याची खात्री करा आणि सोलेनॉइड हाताने दाबूनच पूर्ण बसवा, बोल्टने ओढून बसवू नका, ओ-रिंग कापली जाते. हे सगळे ६ मिलिमीटरचे बोल्ट अल्युमिनियममध्ये जातात, टॉर्क साधारण १० न्यूटन मीटरच्या आसपास, म्हणजे फारच कमी. लांब दांड्याच्या पान्याने आवळलं तर आटे गेलेच म्हणून समजा. छोटा टॉर्क पाना घ्या आणि मॅन्युअलमधला आकडा लावा.

चेंबरची कड आधीच्या कुणीतरी जास्त आवळून बोल्टच्या भोकांजवळ वर उचललेली असते, लाकडावर पालथी ठेवून हातोडीने हळू ठोकून सरळ करा नाहीतर कितीही नवं पॅकिंग लावा, गळणारच. चुंबक धुवून जागेवर ठेवा. बोल्ट आधी सगळे हाताने, मग मधून बाहेर समोरासमोरचे असे दोन फेऱ्यांत.

ऑइल तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ज्या स्पेसिफिकेशनचं आहे तेच, डेक्सरॉन सांगितलंय तर डेक्सरॉन, टी-फोर सांगितलंय तर टी-फोर, सगळ्या गाड्यांना चालतं म्हणून विकलं जाणारं मला स्वतःला पटत नाही. निघालं होतं त्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, बॅटरी लावा, इंजिन चालू करून ब्रेक दाबून धरा आणि लीव्हर प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा, मग लेव्हल बघत थोडं थोडं वाढवा. ऑइल बघायची दांडी (डिपस्टिक) असलेल्या गाडीत शेवटची लेव्हल ऑइल ७०-८० डिग्रीला आल्यावर, इंजिन चालू ठेवून, हॉटच्या खुणेवर. दांडी नसून ओव्हरफ्लो प्लग (उघडला की जास्तीचं ऑइल बाहेर पडतं तो) असेल तर बहुतेक ३५ ते ४५ डिग्रीलाच बघायचं असतं, म्हणून तिथे स्कॅनरवर तापमान बघत काम करा. जास्त भरलं तर फेस होतो आणि गिअर घसरतात, कमी भरलं तरी तेच, त्यामुळे इथे अर्धा तास जास्त गेला तरी जाऊ द्या.

कोड पुसा, पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने चालवा. कॉम्प्युटर जुनी सवय विसरून नवीन शिकत असतो तेव्हा एखादा हिसका बसेल, तो हळूहळू कमी व्हायला हवा. मग मुद्दाम पाऊण तास चालवून गाडी नीट तापवा, कारण तुमचा दोष गरमीतच येत होता, आणि घरी आल्यावर चेंबरच्या कडेवरून पांढरा कागद फिरवून गळती बघा.

आत्ता मात्र पाने बाजूला ठेवा. ए आणि बी दोन्हीचे थंड आणि गरम असे चार आकडे आणि कनेक्टर काढून लीव्हरच्या प्रत्येक जागेवर कुठला गिअर लागला ते लिहून पाठवा, गाडीचं मॉडेल आणि वर्षही टाका, मग चेंबर खोलायचं की नाही ते सांगतो.